गावठाणातील विहीर, वीरगळ आणि कौलारू घर : कायद्याचा हात कुठवर पोचतो

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका आगरी गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावठाणात गावदेवीचे जुने देऊळ आहे, देवळामागे दगडी चिऱ्यांची विहीर आहे, पिंपळाच्या पाराशी कोरीव काम असलेले दोन दगड उभे आहेत आणि प्रश्नकर्त्यांच्या पणजोबांनी बांधलेले कौलारू घरही त्याच आळीत आहे. शेजारच्या तीन घरांची जागा एका विकासकाने एकत्र केली असून तिथे बहुमजली इमारत येणार आहे. शिवाय रस्ता रुंदीकरणासाठी मोजणी करणारे लोक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची खूण करून गेले आहेत. शंभर वर्षांहून जुनी वास्तू कायद्याने पाडताच येत नाही, असे गावात सर्वजण सांगतात. ते खरे आहे काय, आणि असल्यास हे काम कसे थांबवावे, असे आपण विचारले आहे.

ठाण्याच्या न्यायालयांत आणि उच्च न्यायालयात जमीन व नगररचनेची प्रकरणे चालवण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि हा समज मी जवळजवळ प्रत्येक गावात ऐकला आहे. तो खरा नाही. शंभर वर्षांची अट आली आहे ती प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ या केंद्रीय कायद्यातील व्याख्येतून. वास्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असेल तरच तिला या कायद्याखाली प्राचीन स्मारक म्हणता येते, एवढाच त्या व्याख्येचा अर्थ. संरक्षण मिळण्यासाठी त्यापुढे केंद्र सरकारने राजपत्रात इरादा प्रसिद्ध करावा लागतो, हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात आणि मग स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे असल्याची अधिसूचना काढावी लागते. मतदानासाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात, पण यादीत नाव नसेल तर अठरा काय आणि ऐंशी काय, मत देता येत नाही. तसाच हा प्रकार आहे. नगररचना कायद्यातही वारसा इमारतीची व्याख्या करताना तिचे वास्तुशास्त्रीय, सौंदर्यविषयक, ऐतिहासिक किंवा सांस्कृतिक मूल्य पाहिले जाते खरे, पण त्याच वाक्यात नियोजन प्राधिकरणाने किंवा सक्षम प्राधिकरणाने ती तशी घोषित केलेली असावी, असेही म्हटले आहे. आपल्या गावातील एकही वस्तू आज घोषित नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती फक्त जुनी आहे.

घोषित होण्याने काय फरक पडतो ते पाहायचे असेल तर अंबरनाथला जावे. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले तेथील शिवमंदिर केंद्र संरक्षित आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असते आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र असते. विनियमित क्षेत्रात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवरून मिळणाऱ्या परवानगीने बांधकाम करता येते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे खाजगी बांधकाम करताच येत नाही. दिल्लीतील जंतरमंतरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये या १०० मीटरच्या बंदीला तज्ज्ञ समितीच्या शिफारशीने भोके पाडता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. या नियमाचा दुसरा चेहराही सांगितला पाहिजे, कारण तो रहिवाशांना दिसतो आणि वारसाप्रेमींना सहसा दिसत नाही. अशा हद्दीत ज्यांची जुनी चाळ आहे त्यांना १६ जून १९९२ पूर्वीच्या बांधकामाची दुरुस्ती व नूतनीकरण परवानगी घेऊन करता येते, पण पुनर्विकास करता येत नाही. त्यांच्यासमोर स्मारकाचे कौतुक करताना शब्द जपून वापरावे लागतात.

आपल्या गावासाठी मात्र हा मार्ग मी सुचवणार नाही. राष्ट्रीय महत्त्व सिद्ध करणे ही गावदेवीच्या देवळासाठी फार मोठी पायरी आहे. राज्याचा १९६० चा स्वतंत्र स्मारक अधिनियम आहे आणि त्याखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे अर्ज करता येतो. कोरीव दगडांसाठी तो करावाच, पण तीन घरांची जागा एकत्र करणारा विकासक त्या प्रक्रियेसाठी थांबणार नाही. शिवाय घोषणा झाली म्हणजे सर्व झाले, असेही नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात केंद्र संरक्षित ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत असे नोंदले होते, आणि त्यांपैकी कित्येक वाढत्या वस्तीने गिळली होती. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. एक लाखात आज ठाण्यात मोटार उभी करण्याची जागाही विकत मिळत नाही.

आपल्या कामाचा कायदा आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. विकास आराखड्यात काय काय असावे हे त्याच्या कलम २२ मध्ये सांगितले आहे आणि ऐतिहासिक, नैसर्गिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा, वारसा इमारती व वारसा परिसर यांचे जतन हा त्यातील एक विषय आहे. नियोजन प्राधिकरण वारसा यादी करू शकते ती याच आधारावर. मुंबईत अशी नियमावली १९९५ मध्ये आली. मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि तिच्यात वारसा इमारती, वारसा परिसर व नैसर्गिक ठेवे यांच्यासाठी तरतूद आहे. महापालिका आयुक्त वारसा समितीचा सल्ला घेतात, यादीचा मसुदा प्रसिद्ध होतो, मालकांच्या व नागरिकांच्या हरकती ऐकल्या जातात आणि मग यादी अंतिम होते. यादीतील वास्तूंना श्रेणी असते. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीही बदलता येत नाही. दुसरीत बाह्यरूप राखून आतून बदल करता येतात. तिसरी श्रेणी परिसराचे स्वरूप घडवणाऱ्या वास्तूंसाठी असते आणि तिच्यात बराच मोकळेपणा असतो. गावठाणातील घरे व विहिरी यांना बहुधा तिसरी श्रेणीच शोभते. अर्ज करणारे लोक उत्साहाच्या भरात पहिली श्रेणी मागतात आणि त्यामुळे मालक बिथरतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तिसरी श्रेणी मागितली तर यादीत नाव येण्याची शक्यता वाढते, आणि यादीत नाव आले की निदान पाडकामाचा अर्ज समितीसमोरून जातो.

एखादी वास्तू वेगळी नोंदवण्याऐवजी देऊळ, विहीर, पार आणि त्यांना जोडणारी आळी मिळून वारसा परिसर म्हणून मागावा, असा माझा सल्ला आहे. एकटी विहीर वाचली आणि तिच्या तीन बाजूंना वाहनतळाच्या भिंती आल्या, तर वाचून उपयोग काय?

अर्ज कुठे करायचा हा प्रश्न नवी मुंबईत वाटतो त्याहून अवघड आहे. नवे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना १७ मार्च १९७० ची; ठाणे व तेव्हाचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी निश्चित झाली. महापालिका आली ती त्यानंतर दोन दशकांनी. त्यामुळे एकाच गावात देवळाची जागा एका संस्थेच्या नावे, रस्ता दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात आणि बांधकाम परवानगी तिसऱ्याच टेबलावर, अशी स्थिती आढळते. सिडको व महापालिका या दोन्हीकडे अर्ज द्यावा, प्रत्येक अर्जात दुसऱ्याचा उल्लेख करावा आणि दोन्हींच्या पोच जपून ठेवाव्यात. अर्ज आमच्या अखत्यारीत येत नाही, हे उत्तर लेखी मिळाले तरी त्याचा न्यायालयात उपयोग होतो. तोंडी मिळालेल्या त्याच उत्तराची किंमत शून्य असते.

आता पुराव्याकडे येतो, कारण अशी प्रकरणे जिंकली किंवा हरली जातात ती इथे. जुनेपणा सांगून भागत नाही, तो कागदाने दाखवावा लागतो, आणि सुदैवाने ब्रिटिश काळापासूनच्या भूमापनामुळे आपल्याकडे कागद पुष्कळ आहेत. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची व गट किंवा सर्व्हे नंबरच्या टिपणाची प्रमाणित प्रत काढावी. त्यांत विहिरी व देवळे खुणेने दाखवलेली असण्याची शक्यता मोठी असते. गावठाणाचे नगर भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका काढावी. देवळाला जमीन असेल तर जुना सातबारा पाहावा. त्यावर देवस्थान इनाम वर्ग ३ अशी नोंद निघाली, तर ती जमीन सहजासहजी हस्तांतरित होत नाही आणि अर्धी लढाई तिथेच संपते.

नवी मुंबईतील गावांकडे एक कागद असा आहे की जो बहुतेकांना आठवतच नाही: भूसंपादनाचा निवाडा. जमीन संपादन करताना संयुक्त मोजणी झाली, पंचनामे झाले, आणि नुकसानभरपाई ठरवण्यासाठी प्रत्येक तुकड्यावरील झाडे, विहिरी व बांधकामे लिहून काढली गेली. त्या वेळी गावकऱ्यांचे लक्ष साहजिकच रकमेकडे होते. आज तोच कागद वारशाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. याच पट्ट्यातील एका गावाच्या विहिरीबाबत ती अलीकडची असून तिला कठडा कुणीतरी हल्ली बांधला, असे समोरच्या पक्षाचे म्हणणे होते. गावातील एका वृद्ध आजोबांनी ट्रंकेतून भावाच्या नावाची निवाड्याची पिवळी पडलेली प्रत काढली, तीत दगडी बांधणीची पक्की विहीर असे मोजमापासह लिहिलेले निघाले, आणि युक्तिवाद तेथेच थांबला. ती प्रत घरी नसेल तर विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागावी.

हाच निवाडा देवळासाठी आणखी एका कारणाने लागतो. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश दिला: नवी होऊ देऊ नयेत आणि असलेल्यांचा राज्यांनी एकेक करून विचार करावा. त्यानंतर ठिकठिकाणी याद्या झाल्या. ज्या गावांत जमीन आधीच संपादित झालेली होती तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे देऊळदेखील केवळ जमीन सार्वजनिक संस्थेच्या नावे असल्यामुळे अनधिकृत ठरण्याचा धोका असतो. देऊळ संपादनाआधीपासून होते हे दाखवणारा कागद हाती असेल तर प्रकरणाचे स्वरूपच बदलते. आपल्या गावदेवीचे नाव अशा कोणत्याही यादीत आहे काय, याची आधी खात्री करून घ्यावी.

देवळाला धोका बाहेरूनच असतो, असे समजू नये. माझ्या अनुभवात जुन्या देवळांचे सर्वांत जास्त नुकसान जीर्णोद्धाराने झाले आहे. वर्गणी जमते, लाकडी सभामंडप उतरवला जातो, दगडी जोत्यावर गुळगुळीत लाद्या बसतात, कोरीव दगडांना तैलरंग लागतो आणि वर सिमेंटचे शिखर चढते. हे सर्व भक्तीने होते म्हणून त्याविरुद्ध बोलायला कुणी धजत नाही. देवस्थान सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेले असेल तर विश्वस्तांना मालमत्ता विकताना, बक्षीस देताना किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देताना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठीच्या १९५० च्या राज्य अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये आहे. पण लादी बसवायला कोणाचीच परवानगी लागत नाही. तिथे ग्रामस्थांची सभा हाच उपाय उरतो.

पाराशी असलेल्या दोन दगडांविषयी आपण एकच ओळ लिहिली आहे, पण मला त्यांत सर्वांत जास्त रस वाटला. वर्णनावरून एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड असावा. दुसऱ्यावर वर सूर्य-चंद्र आणि खाली गाढवाची आकृती असेल, तर तो गद्धेगाळ आहे. शिलाहार काळात जमिनीचे दान दिल्यावर ते मोडणाऱ्याला शिवी म्हणून असे दगड उभारत. त्यांच्यावर कधी कधी लेखही असतो. छायाचित्र पाहिल्याशिवाय याहून अधिक सांगणे योग्य नाही. दगड हलवू नयेत, धुऊ नयेत आणि सिमेंटात बसवू नयेत. जागेवरून हलवलेल्या दगडाचे अर्धे मोल जाते, कारण तो कुठल्या जमिनीविषयी होता हे कळण्याचा मार्गच पुसला जातो. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी, स्थान मोबाइलवरील नकाशाने नोंदवावे आणि हे सर्व राज्य पुरातत्त्व संचालनालयाला लेखी पाठवावे. शंभर वर्षांहून जुनी दगडी शिल्पे पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ खाली नोंदणीयोग्य वर्गात मोडतात. म्हणून उद्या रात्रीत दगड गायब झाला, तर पोलीस ठाण्यात साध्या दगडाची नव्हे तर पुरावस्तूच्या चोरीची तक्रार देता येते. मात्र दगड तिथे होता हे दाखवणारा कागद त्यापूर्वीचा हवा.

शेजारच्या तीन घरांच्या जागेत पाया खणला जाईल तेव्हा जमिनीखालून काही निघाले, तर काय करायचे? ही कल्पनेतली गोष्ट नाही. ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, १७८७ मध्ये नव्या कामाचा पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, इ.स. १०१७ मधील ताम्रपट निघाला होता. कोकणच्या इतिहासाचा तो आधारभूत पुरावा, आणि तो मिळाला बांधकामात. याबाबतचा आपला कायदा १८७८ चा आहे. निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावयाची असते. ती वस्तू सरकारला हवी असेल तर तिच्या साहित्याचे मूल्य आणि त्यावर एक पंचमांश रक्कम देऊन जिल्हाधिकारी ती घेऊ शकतात. न कळवणे हा गुन्हा आहे. पाया खणण्यापूर्वी पुरातत्त्वीय तपासणी करण्याची सरसकट सक्ती मात्र आपल्याकडे नाही, आणि ही उणीव ठाण्यासारख्या प्राचीन बंदराच्या परिसरात फार महागात पडते आहे. मेट्रो, उड्डाणपूल यांसारख्या मोठ्या सार्वजनिक कामांच्या कंत्राटात बहुधा एक कलम असते की उत्खननात नाणी, जीवाश्म किंवा पुरावस्तू आढळल्यास कंत्राटदाराने काम देणाऱ्या संस्थेला त्वरित कळवावे. कंत्राटाची प्रत माहितीच्या अधिकारात मिळते. खाजगी इमारतीच्या बाबतीत मी असे करतो: बांधकाम परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना आधीच पत्र देऊन १८७८ च्या अधिनियमाची आठवण परवानगीच्या अटींत घालण्याची विनंती करतो. काही वेळा ती मान्य होते.

रस्त्याकडे वळू. कठड्यावरची लाल खूण कोणत्या अधिकाराने झाली हे कळल्याशिवाय हरकत घेता येत नाही. मंजूर विकास आराखड्यातील रस्ता असेल, तर त्याची आखणी बदलण्यासाठी नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो, आणि त्याला अखेर राज्य शासनाची मंजुरी लागते. आराखड्यात रस्ता नसून महापालिकेने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा ठरवली असेल, तर त्यासाठी जाहीर नोटीस व रस्त्यावर लावलेली विशेष नोटीस लागते आणि हरकतींसाठी मुदत द्यावी लागते. ती दिली नसेल तर रेषा आव्हानास पात्र ठरते. आणि कित्येकदा दोन्हीपैकी काहीही नसते, केवळ ठेकेदाराच्या माणसाने सोयीची खूण केलेली असते. म्हणून पहिला माहिती अर्ज एवढाच असावा: ही खूण कोणत्या कलमाखाली, कोणत्या ठरावाने आणि कोणत्या नकाशानुसार केली, त्या नकाशाची प्रत द्यावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. रस्त्याची रेषा दोन-तीन मीटरने वळवून विहीर बाजूला ठेवणे अभियंत्यांना अशक्य नसते. वेळेवर, म्हणजे निविदेपूर्वी, सांगितले तर ते ऐकतातही.

आराखड्याचा नवा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतींसाठी सामान्यतः ३० दिवस मिळतात. मुदतवाढ मिळते असा अनुभव असला तरी तिच्या भरवशावर राहू नये. त्या काळात ग्रामस्थ आपापल्या घरावर आरक्षण पडले का एवढेच पाहतात, आणि देऊळ, विहीर, होळीचे मैदान यांची नोंद आली आहे काय हे कुणी पाहत नाही.

बहुमजली इमारतीविषयी आपला अधिकार मर्यादित आहे, हे मोकळेपणाने मान्य केलेले बरे. शेजाऱ्याने स्वतःची जागा नियमानुसार विकसित करणे हा त्याचा हक्क आहे आणि आपल्याला आळी जुनी वाटते म्हणून तो हिरावता येत नाही. तपासण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अर्जात परिसरातील सांस्कृतिक व ऐतिहासिक स्थळांची माहिती द्यावी लागते. तेथे खोटी माहिती किंवा लपवालपवी असेल तर मंजुरी रद्द होऊ शकते. तीन घरांच्या जागेवर एवढे बांधकाम होणार नाही, पण पुढे आणखी जागा जोडल्या गेल्या तर प्रश्न येईल, आणि मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागण्याची मुदत ३० दिवसांचीच आहे. दुसरे, गाव खाडीलगत असल्यास किनारा नियमन क्षेत्राची रेषा पाहावी. पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वास्तू व वारसास्थळे त्या क्षेत्राच्या अधिसूचनेत सर्वांत संवेदनशील वर्गात धरली आहेत. बेलापूरचा किल्ला किंवा खाडीकाठच्या अशा इतर जागांसाठी बोलताना लोक स्मारकांचा कायदा शोधत बसतात आणि हा हाताशी असलेला आधार विसरतात.

पाया खणताना आपल्या घराला किंवा विहिरीला हादरे बसतील, ही भीती रास्त आहे. काम सुरू होण्यापूर्वी भिंतींच्या भेगांची तारीखवार छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि महापालिकेला पत्र द्यावे. नंतर पडलेली भेग आधीपासूनच होती, असे प्रत्येक विकासक म्हणतो.

धोकादायक इमारतीच्या नोटिशीचा विषय आपण विचारलेला नाही, पण तो पुढे येणार. महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने पाडण्यायोग्य. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्यायोग्य. सी-२बी म्हणजे राहते ठेवून दुरुस्त करण्यायोग्य. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. एखादे जुने घर सी-१ मध्ये गेले की महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस येते आणि वारशाचा युक्तिवाद जिवाच्या सुरक्षिततेपुढे टिकत नाही, टिकूही नये. अडचण आहे ती तपासणीच्या पद्धतीत. ठाण्याच्या जुन्या भागातील एका वाड्याचा अहवाल माझ्यासमोर आला होता. चुना, दगड आणि सागवानाच्या त्या इमारतीची तपासणी काँक्रीटसाठी असलेल्या हातोडा-यंत्राने केली होती आणि काँक्रीटच्या तक्त्यातील आकड्यांवरून भिंती निकामी ठरवल्या होत्या. चुन्याच्या भिंतीला काँक्रीटचे मापच लागू नाही. आम्ही जतन-वास्तुविशारदाकडून दुसरा अहवाल मागवला, परंतु तो येईपर्यंत वीज व पाणी तोडले गेले, भाडेकरू निघून गेले, आणि दोन पावसाळ्यांत वाडा खरोखरच धोकादायक झाला. त्यात चूक माझीही होती. नोटीस येण्याची वाट पाहायला नको होती. आपल्या घराचा अहवाल घर सुस्थितीत असतानाच, चुन्याच्या व लाकडाच्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याकडून करून ठेवावा.

न्यायालयात जावे काय, याचे उत्तर अर्ज झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी देता येईल. रिट याचिकेत पहिला प्रश्न येतो की आपण प्राधिकरणाकडे आधी काय मागितले, आणि दुसरा येतो की एवढे दिवस कुठे होतात. मंजुरी मिळून पाया भरल्यावर आलेल्या याचिकाकर्त्याकडे न्यायालय संशयाने पाहते, आणि ते अगदीच अन्याय्य आहे असे म्हणवत नाही. उलट, वारसा यादीसाठीचा अर्ज प्रलंबित असताना पाडकाम होणार असल्याचे दाखवता आले तर निर्णय होईपर्यंत जैसे थे ठेवण्याचा आदेश मिळण्याची शक्यता बरी असते. शेजाऱ्याच्या संपूर्ण इमारतीला स्थगिती मागण्याऐवजी विहीर, पार व देऊळ यांच्यापुरती मागणी मर्यादित ठेवावी.

गावदेवीच्या पालखीचा मार्ग आणि होळीचे मैदान यांचाही आपण शेवटी उल्लेख केला आहे. प्रथांना थेट संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे जवळजवळ नाही. प्रथा जिथे चालते ती जागा वाचवणे एवढेच करता येते. मैदान आराखड्यात खुली जागा म्हणून दाखवून घ्यावे. पालखीचा मार्ग वारसा परिसराच्या अर्जाला जोडलेल्या नकाशावर काढावा, आणि तिथून इतकी वर्षे पालखी जाते असे सांगणाऱ्या गावातील वृद्धांची प्रतिज्ञापत्रे आत्ताच करून घ्यावीत. साक्ष देऊ शकणारी पिढी आता फार मोठी राहिलेली नाही.

उरले आपले घर. ते या यादीत आणण्याचा विचार असेल तर मालकी कोणाची, हा पहिला प्रश्न आहे. मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबांचेच नाव असेल आणि वारसांची संख्या वीसवर गेली असेल, तर त्यांपैकी एकाने दिलेला अर्ज दुसऱ्याच्या हरकतीने अडतो. वारसा घराच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे तिथे न करता आलेले बांधकाम दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क मिळतो, असे आपल्याला कुणी सांगेल. तरतूद आहे, परंतु नावे स्पष्ट नसलेल्या छोट्या गावठाण घराला तो प्रत्यक्षात हाती पडणे कठीण असते; त्याच्या आशेवर भावांना वचन देऊ नये. आधी वारस नोंद करून घ्यावी, मग भावकीची बैठक घेऊन लेखी संमती घ्यावी, आणि त्यानंतरच घरासाठी अर्ज करावा. विहीर, पार व देऊळ यांचा अर्ज मात्र वेगळा ठेवून या आठवड्यातच द्यावा, म्हणजे घरातील वादामुळे तो अडकून राहणार नाही.